जेल-प्रतिमा विश्लेषणातील नव्या सुविधा: कोणत्या घ्याव्यात, कोणत्या आधी तपासून पाहाव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जेलमधून वीज सोडली की डीएनए किंवा प्रथिने उभ्या रांगांत (लेन) आकारानुसार वेगळी होऊन पट्ट्यांच्या (बँड) रूपात दिसतात; अशा जेलच्या प्रतिमा मोजण्यासाठी प्रयोगशाळेत अनेक वर्षे वापरात असलेल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे. लेन आणि बँड आपोआप ओळखणे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बँडची सीमा आखणे, एकूण प्रथिनाच्या आधारे सामान्यीकरण (लेनमध्ये कमीजास्त भरलेल्या नमुन्याचा फरक हिशेबातून काढणे), सॅच्युरेशनचा (पिक्सेल कमाल मर्यादेला पोहोचल्याचा) इशारा आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद अशा सुविधा तीत आहेत. तेव्हा जुनी पद्धत सोडून ही आवृत्ती स्वीकारावी का, आणि स्वीकारल्यास जुन्या प्रतिमांचे विश्लेषण पुन्हा करावे का?

माझे उत्तर असे की आवृत्ती जरूर घ्यावी, परंतु जाहिरातीत सर्वांत वर छापलेल्या सुविधेसाठी नव्हे. बँड शोधण्याचा वेळ वाचवणे ही या सॉफ्टवेअरमधील सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे, कारण बारा-पंधरा लेनचे जेल हाताने आखायलाही फार वेळ लागत नाही. ज्या ठिकाणी आकडा देणे योग्य नाही त्या ठिकाणी सॉफ्टवेअर तो देण्याचे नाकारते का, किंवा निदान ठळकपणे बजावते का, या एका कसोटीवर मी कोणतीही नवी सुविधा पारखतो. जुन्या सॉफ्टवेअरचा खरा दोष हा होता की त्याला कोणतीही प्रतिमा दिली तरी ते निमूटपणे दशांश चिन्हानंतर तीन अंक असलेले उत्तर देत असे.

ही कसोटी का, हे समजण्यासाठी जुनी पद्धत नेमके काय करत आली आहे ते आठवून पाहावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी 1987 मध्ये एनआयएच इमेज आणि पुढे 1997 मध्ये इमेजजे हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले, आणि जगभरातील असंख्य प्रयोगशाळांनी डेन्सिटोमेट्रीचे (बँडच्या तीव्रतेवरून प्रमाण मोजण्याचे) पहिले धडे त्यावरच गिरवले. त्यातील पद्धत साधी आहे. प्रत्येक लेनभोवती आयत आखायचा, त्या आयतात आडव्या दिशेने पिक्सेलची सरासरी घ्यायची, आणि उभ्या दिशेने एक आलेख मिळवायचा. आलेखातील शिखरे म्हणजे बँड, शिखराखाली आपण ओढलेली रेघ म्हणजे बॅकग्राउंड, आणि रेघेच्या वर उरलेले क्षेत्रफळ म्हणजे बँडची तीव्रता. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये दिसायला पुष्कळ फरक असला तरी गाभा बहुतांशी हाच राहिला. या पद्धतीची दोन गृहीतके आहेत: लेन सरळ आहे आणि बँड आडवा आहे. प्रत्यक्षात मधल्या लेन जास्त तापून कडेच्या लेनपेक्षा पुढे धावतात आणि जेल 'हसते', विहिरीचा (नमुना भरण्याच्या खाचेचा) तळ फाटल्यामुळे बँड तिरपा होतो, आणि शेजारच्या लेनमध्ये मीठ जास्त असेल तर दोन्ही लेन वाकतात. अशा वेळी आडवी सरासरी घेतली की दोन जवळचे बँड एकमेकांत मिसळून एकच रुंद शिखर तयार होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या नव्या पद्धती या गृहीतकांपासून सुटका करून देतात, आणि तेवढ्यापुरते त्यांचे स्वागत करायला हवे. यांतील बऱ्याच पद्धतींचा आधार यू-नेट या 2015 च्या न्यूरल नेटवर्क रचनेत आहे. ही रचना मुळात जैववैद्यकीय प्रतिमांसाठीच तयार झाली होती. ती आलेख काढत नाही, तर प्रत्येक पिक्सेल बँडचा आहे की बॅकग्राउंडचा याचा निवाडा करते. जेलजीनी हे मुक्त साधन याच मार्गाने जाणारे आहे. बँड वाकडा, तिरपा किंवा चंद्रकोरीसारखा असला तरी त्याची सीमा त्याच्या आकाराप्रमाणे आखली जाते आणि लेन आखण्याची गरजच उरत नाही. मात्र अडचण तिथेच सुरू होते. सीमा दोन पिक्सेल आत सरकली की फिकट बँडच्या एकूण तीव्रतेत मोठा फरक पडतो, कारण फिकट बँडचा बराचसा भाग त्याच्या कडांमध्येच असतो, तर गडद बँडला त्याच दोन पिक्सेलचा फारसा फरक जाणवत नाही. दोन बँडचे गुणोत्तर काढायचे असेल तर हा असमान तोटा थेट उत्तरात उतरतो.

म्हणून अशी सुविधा वापरण्यापूर्वी मी तीन चाचण्या घेतो आणि आपणही घ्याव्यात. पहिली चाचणी रिकाम्या लेनची आहे. फक्त बफर भरलेली एक लेन जेलमध्ये ठेवावी आणि तिच्यात सॉफ्टवेअरला किती बँड सापडतात ते पाहावे. एकही सापडला नाही तर उत्तम, आणि चार सापडले तर संवेदनशीलतेची मर्यादा आपल्या हाती आली असे समजावे. दुसरी चाचणी एक्सपोजरची. एकाच जेलच्या दोन प्रतिमा घ्याव्यात, एकीचे एक्सपोजर दुसरीच्या दुप्पट ठेवावे, आणि दोन्हींत एकही पिक्सेल सॅच्युरेट झालेला नाही याची खात्री करावी. कोणत्याही दोन बँडचे गुणोत्तर दोन्ही प्रतिमांत जवळजवळ सारखेच यायला हवे; ते बदलले तर सीमा प्रकाशाच्या मात्रेवर अवलंबून आखली जाते आहे. तिसरी चाचणी सर्वांत जुनी आणि सर्वांत कंटाळवाणी, म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात: एकाच नमुन्याची निम्म्या-निम्म्याने विरळ केलेली मालिका चालवणे. 1, 2, 4, 8 अशा प्रमाणात भरलेल्या लेनमधून 1, 1.9, 3.1, 3.4 अशी उत्तरे आली, तर शेवटच्या दोन लेनमधील दोष बँड ओळखण्याचा नाही, तर डायचा (रंगद्रव्याचा), कॅमेऱ्याचा किंवा रासायनिक प्रकाशनाचा (रासायनिक क्रियेतून बँड उजळवण्याचा) आहे, आणि तो कोणत्याही आवृत्तीने दुरुस्त होणार नाही.

यावरून ओघानेच सॅच्युरेशनच्या इशाऱ्याकडे येतो. मला ही सर्व नव्या सुविधांत सर्वांत मोलाची वाटते आणि ती नेहमी सुरू ठेवावी असा माझा आग्रह आहे. आठ बिटांच्या प्रतिमेत पिक्सेलला 256 पातळ्या असतात आणि सोळा बिटांच्या प्रतिमेत 65,536. सर्वांत वरची पातळी गाठली की त्यापुढे बँडमध्ये दुप्पट प्रथिन असले तरी पिक्सेलची किंमत तीच राहते, आणि मोजमाप कमी येते. पडद्यावर हे डोळ्यांना कळत नाही, कारण गडद काळा आणि अधिक गडद काळा यांतला फरक आपल्याला दिसत नाही. चांगल्या आवृत्त्या असे पिक्सेल लाल रंगात दाखवतात. त्याहून चांगल्या आवृत्त्या निकालाच्या तक्त्यातही त्या बँडपुढे खूण करतात, म्हणजे तक्ता दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला तरी इशारा सोबत जातो. ही दुसरी गोष्ट आपल्या आवृत्तीत आहे का ते पाहावे. लाल रंग पडद्यावरच राहून आकडा मात्र मोकळा सुटत असेल, तर दोन महिन्यांनी तो आकडा वापरणाऱ्याला काहीच कळणार नाही.

वेस्टर्न ब्लॉटच्या, म्हणजे जेलमधील प्रथिने पातळ पडद्यावर (मेम्ब्रेनवर) उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत आणखी एक फसवणूक आहे आणि तिची दखल फार थोडी सॉफ्टवेअर घेतात. रासायनिक प्रकाशनात बँडच्या मध्यभागी एन्झाइम फार जास्त झाले तर तिथले सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याच्यापासून प्रकाश निर्माण करते ते रसायन) लवकर संपते, मधला भाग विझतो आणि कडा उजळ राहून बँड पोकळ दिसतो. इथे एकही पिक्सेल सॅच्युरेट झालेला नसतो, त्यामुळे लाल इशारा येत नाही, तरीही मोजमाप पूर्णपणे निरुपयोगी असते. काही मिनिटांच्या अंतराने सलग प्रतिमा घेऊन प्रत्येक बँडच्या तीव्रतेचा काळानुसार आलेख काढण्याची सोय ज्या यंत्रप्रणालीत आहे, तिच्यात हा दोष लगेच पकडता येतो, कारण बाकीचे बँड चढत असताना हा एकटा उतरू लागतो. आपल्याकडे ती सोय असेल तर तिचा उपयोग केवळ 'सर्वांत सुंदर' प्रतिमा निवडण्यासाठी करू नये.

बॅकग्राउंड वजा करण्याच्या पर्यायांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या अनुभवात दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा दहापैकी सात-आठ वेळा कारण इथेच सापडते. 'रोलिंग बॉल' ही 1983 पासून प्रचलित असलेली कल्पना अशी आहे की पिक्सेलच्या तीव्रतेचा उंचसखल पृष्ठभाग घेऊन त्याच्या खालून एक चेंडू फिरवायचा; चेंडू जिथवर पोहोचतो ते बॅकग्राउंड, आणि ज्या अरुंद शिखरांत तो शिरू शकत नाही ते बँड. म्हणजे सगळे काही चेंडूच्या त्रिज्येवर अवलंबून आहे. त्रिज्या बँडच्या रुंदीपेक्षा लहान ठेवली तर चेंडू बँडच्या आत शिरतो आणि बँडच बॅकग्राउंड म्हणून वजा होतो. फार मोठी ठेवली तर लेनमधला धुरकट डाग बँडमध्ये मोजला जातो. नव्या आवृत्त्यांत ही त्रिज्या 'स्वयंचलित' ठरवली जाते, आणि तिथे माझी हरकत आहे. स्वयंचलित म्हणजे प्रत्येक लेनसाठी वेगळी असू शकते, आणि प्रत्येक लेनसाठी वेगळी म्हणजे ज्या लेनांची तुलना करायची त्यांच्यावर वेगवेगळा नियम लावला गेला. एकाच जेलमधील, आणि शक्यतो एकाच प्रयोगमालिकेतील, सर्व लेनसाठी त्रिज्या एकच ठेवावी आणि ती अहवालात लिहावी. ती वापरकर्त्याला दिसतच नसेल, तर ती आवृत्ती मोजमापासाठी वापरू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

या संदर्भात घडलेला एक प्रसंग नमूद करतो. एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणानंतर आमच्या नेहमीच्या नियंत्रण नमुन्याचे मूल्य अचानक घसरलेले दिसले. आम्ही दोन आठवडे अँटिबॉडीची नवी बाटली, ट्रान्सफरची वेळ, बफरचा पीएच असे सगळे तपासत बसलो. अखेर एका सहकाऱ्याने मागील वर्षीची जुनीच प्रतिमा नव्या आवृत्तीत उघडली आणि तिचाही आकडा तितकाच घसरलेला निघाला. बॅकग्राउंडची पूर्वनिर्धारित त्रिज्या नव्या आवृत्तीत बदलली होती, एवढेच. तेव्हापासून आम्ही वीस-पंचवीस प्रतिमांचा एक संदर्भसंच वेगळा ठेवतो. त्यात चांगले जेल आहेत, हसलेले आहेत, फिकट आहेत आणि एक-दोन मुद्दाम सॅच्युरेट केलेलेही आहेत. कोणतीही नवी आवृत्ती आली की आधी हा संच तिच्यातून जातो आणि जुन्या आकड्यांशी जुळवला जातो. मगच ती रोजच्या वापरात येते.

एकूण प्रथिनाच्या आधारे सामान्यीकरण ही सुविधा आपण नक्की वापरायला लागावी. आजवर आपण सगळे बीटा-अ‍ॅक्टिन किंवा जीएपीडीएच या पेशीत नेहमी आढळणाऱ्या प्रथिनांच्या बँडच्या तीव्रतेने भागाकार करत आलो. ही प्रथिने पेशीत इतकी मुबलक असतात की ज्या लेनमध्ये आपले दुर्मीळ प्रथिन दिसावे म्हणून भरपूर नमुना भरला आहे, त्या लेनमध्ये त्यांचा बँड बहुधा सॅच्युरेट झालेला असतो. शिवाय उपचारानुसार, पेशींच्या अवस्थेनुसार त्यांचे प्रमाणही बदलू शकते. एकूण प्रथिनाच्या पद्धतीत पॉन्सो-एससारखा डाय मेम्ब्रेनवर वापरून, किंवा ज्या जेलमधील ट्रायहॅलो संयुग अतिनील प्रकाशात ट्रिप्टोफॅनशी जोडले जाऊन चमकते अशा जेलमधून, सबंध लेनची तीव्रता मोजली जाते. एकच प्रथिन बदलले तर या बेरजेवर फारसा परिणाम होत नाही. सॉफ्टवेअरचे काम इथे दोन प्रतिमा पिक्सेलशी पिक्सेल जुळवणे आणि प्रत्येक लेनचा गुणक काढणे एवढेच आहे. तो गुणक मात्र डोळ्यांखालून घालावा. माझा स्वतःचा नियम असा की गुणक 0.7 ते 1.4 च्या बाहेर गेला तर सामान्यीकरण करत बसण्याऐवजी जेल पुन्हा चालवावे, कारण इतक्या फरकाने भरलेल्या लेनमध्ये गुणोत्तराची सरळ रेषा टिकेलच असे नाही. काही आवृत्त्यांत अशी मर्यादा घालून देता येते आणि ती ओलांडली की लेन रंगीत होते. ही छोटी सोय मला बँड-आरेखनाच्या सगळ्या झगमगाटापेक्षा जास्त उपयोगी वाटते.

आकार ठरवण्याच्या सुविधेत फार नवे काही नाही. लॅडरच्या (ज्ञात आकारांच्या तुकड्यांच्या मिश्रणाच्या) बँडांनी कापलेले अंतर आणि आकाराचा लॉगॅरिदम यांचा संबंध मधल्या पट्ट्यात जवळजवळ सरळ असतो आणि दोन्ही टोकांना वाकतो. म्हणून सरळ रेषेऐवजी स्थानिक वक्र बसवणारी पद्धत निवडावी. एल्डर आणि सदर्न यांनी 1983 मध्ये मांडलेली स्थानिक पद्धत अजूनही डीएनएसाठी उत्तम चालते. लॅडर एकाच टोकाला न भरता दोन्ही कडांना भरावा, म्हणजे सॉफ्टवेअरला जेलचे हसणे दुरुस्त करता येते. वळसे पडलेला प्लाझ्मिड (वर्तुळाकार डीएनए), किंवा भरपूर शर्करा जोडलेले प्रथिन, लॅडरच्या नियमाने चालत नाही हे सॉफ्टवेअरला माहीत नसते. ते आपण लक्षात ठेवायचे.

त्यापेक्षा निकालावर आधारित गणिते आपोआप करणाऱ्या नव्या सुविधांकडे सावधपणे पाहण्याची गरज जास्त आहे. डीएनएच्या जेलमध्ये डायची चमक रेणूंच्या संख्येच्या नव्हे, तर वस्तुमानाच्या प्रमाणात असते. 3000 बेस-जोड्यांचा आणि 500 बेस-जोड्यांचा बँड सारखेच उजळ दिसत असतील, तर लहान तुकड्याचे रेणू सहापट आहेत. सॉफ्टवेअर 'सापेक्ष प्रमाण' या नावाखाली यांपैकी काय देते ते त्याच्या मदतपत्रकात वाचून घ्यावे. तसेच जीन-संपादनाची कार्यक्षमता टी-सेव्हन एंडोन्यूक्लिएजच्या (डीएनएच्या न जुळणाऱ्या धाग्यांची जोडी कापणाऱ्या एन्झाइमच्या) जेलवरून काढताना कापलेल्या तुकड्यांचा हिस्सा थेट उत्तर म्हणून घेता येत नाही. बदललेल्या आणि न बदललेल्या धाग्यांची जोडी यादृच्छिकपणे जमते, म्हणून 1 मधून कापलेला हिस्सा वजा करायचा, उरलेल्याचे वर्गमूळ काढायचे आणि ते पुन्हा 1 मधून वजा करायचे. कापलेला हिस्सा 0.36 असेल तर उत्तर 36 टक्के नसून 20 टक्के आहे. हे सूत्र आता काही आवृत्त्यांत एका बटणामागे असते. बटण दाबण्यापूर्वी एखादे उदाहरण हाताने सोडवून जुळते का ते पाहायला दोन मिनिटे लागतात.

एकमेकांत घुसलेल्या बँडांना गॉसियन (घंटेच्या आकाराचे) वक्र बसवून वेगळे करण्याची सोयही आता सर्रास मिळते. तिथे किती वक्र बसवायचे हे कोणी ठरवले, हा एकच प्रश्न विचारावा. दोनऐवजी तीन वक्र बसवले तर जुळणी नेहमीच अधिक चांगली दिसते. तिसरा बँड खरोखर आहे याचा तो पुरावा नव्हे. ज्या तिसऱ्या बँडवर निष्कर्ष अवलंबून आहे, तो कमी टक्केवारीच्या किंवा जास्त लांबीच्या जेलवर प्रत्यक्ष वेगळा करून दाखवावा.

आता फाइलींविषयी, कारण जुन्या प्रतिमांच्या पुनर्विश्लेषणाचा आपला दुसरा प्रश्न मुख्यतः यावरच अवलंबून आहे. जुन्या प्रतिमा मूळ यंत्राच्या फाइलीत किंवा सोळा बिटांच्या टिफ या फाइल-प्रकारात जपलेल्या असतील तर पुनर्विश्लेषण शक्य आहे. जेपेगमध्ये असतील तर त्यांतून संख्यात्मक निष्कर्ष काढू नयेत. जेपेग प्रतिमेचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील फेकून देते, आणि फिकट बँड हा नेमका असाच बारीक तपशील असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या जेलच्या छायाचित्रांची अवस्था याहून वाईट असते, कारण कॅमेरा स्वतःहून उजेड-अंधार समतोल करतो, कडा धारदार करतो आणि कण पुसतो. अशी छायाचित्रे 'पीसीआर लागले की नाही' एवढे पाहायला पुरेशी आहेत. नव्या आवृत्त्यांत प्रतिमा 'सुधारण्याची' सुविधाही दिसू लागली आहे. ती वापरून घेतलेल्या प्रतिमेवर मोजमाप करू नये, कारण तिथे पिक्सेलची किंमत कॅमेऱ्याने मोजलेली नसून गणिताने सुचवलेली असते.

याहून सूक्ष्म एक धोका आहे आणि अनुभवी माणसेही त्यात सापडतात. काही जुन्या लेझर-स्कॅनरांच्या डॉट-जेल (.gel) फाइली वरवर टिफसारख्या दिसतात, परंतु त्यांत पिक्सेलच्या खऱ्या किमतीऐवजी तिचे वर्गमूळ साठवलेले असते, म्हणजे मोठा पल्ला सोळा बिटांत बसावा. अशी फाइल सामान्य टिफ म्हणून उघडली तर दुप्पट प्रथिन असलेला बँड केवळ 1.41 पट दिसतो, आणि चौपट असलेला दुप्पट. इमेजजेमध्ये यासाठी रेषीय रूपांतर करणारे प्लगइन आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडताना हे रूपांतर आपोआप होते का, हे एका जुन्या, ज्याचे आकडे आपल्याला ठाऊक आहेत अशा, जेलवर तपासावे. तसेच इमेजजेमध्ये सोळा बिटांची प्रतिमा आठ बिटांत बदलताना पडद्यावर त्या क्षणी जी उजेडाची मर्यादा लावलेली असते तीच वापरली जाते. म्हणून दोन जेल वेगवेगळ्या मर्यादांवर रूपांतरित केले असतील तर त्यांची तुलना व्यर्थ आहे. जुन्या संग्रहात अशा फाइली ओळखू येत नाहीत, म्हणून आठ बिटांच्या सगळ्याच फाइली मी संशयित धरतो. कॉन्ट्रास्टच्या चौकटीतील 'लागू करा' हे बटण दाबले की दृश्य नव्हे तर प्रत्यक्ष आकडेच बदलतात, हेही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. नव्या आवृत्त्यांपैकी चांगल्या आवृत्त्या मूळ आकडे कुलूपबंद ठेवून दृश्य मात्र मोकळेपणाने बदलू देतात, आणि केवळ या एका कारणासाठीही आवृत्ती बदलणे योग्य ठरेल.

फिरवण्याच्या बाबतीतही तसेच आहे. जेल थोडे तिरके ठेवले गेले म्हणून प्रतिमा तीन अंशांनी फिरवली की प्रत्येक पिक्सेलची नवी किंमत शेजाऱ्यांच्या सरासरीतून तयार होते. नव्वद अंशांच्या फिरवण्यात असे होत नाही. जे सॉफ्टवेअर प्रतिमेला हात न लावता लेनची चौकटच तिरकी किंवा वाकडी करू देते, ते अधिक प्रामाणिक.

केलेल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सुविधेला अनेक संशोधक औषध-उद्योगाची कटकट समजतात, कारण इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा अमेरिकी नियम, एकवीस सीएफआर भाग अकरा, 1997 पासून तिथे लागू आहे. पण शैक्षणिक प्रयोगशाळेलाही तिची तितकीच गरज आहे. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने 2002 पासून स्वीकृत लेखांतील प्रतिमा तपासायला सुरुवात केली, आणि एलिझाबेथ बिक व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 20,621 शोधनिबंध डोळ्यांखालून घातले तेव्हा 3.8 टक्के निबंधांत आक्षेपार्ह आकृत्या आढळल्या. त्यातील काही निव्वळ निष्काळजीपणाच्याही असू शकतात: चुकीची फाइल चिकटवली, लेन कापताना नाव बदलले. प्रत्येक आकृतीतील प्रत्येक तुकडा कोणत्या मूळ फाइलीच्या कोणत्या भागातून, कोणत्या मर्यादेवर घेतला, हे सॉफ्टवेअरने आपोआप लिहून ठेवले तर चार वर्षांनी संपादकाचे पत्र येते तेव्हा विद्यार्थी निघून गेलेला असला तरी उत्तर देता येते. ही नोंद सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बंद फाइलीतच राहते की साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येते, हे खरेदीपूर्वी विचारावे. परवाना संपल्यावर जी नोंद उघडत नाही, ती असून नसल्यासारखी.

जुन्या प्रतिमांविषयी माझा सल्ला असा. प्रकाशित निकालांचे आकडे नव्या आवृत्तीतून सरसकट पुन्हा काढू नयेत. ते ज्या पद्धतीने काढले ती पद्धत लेखात दिलेली आहे आणि तिच्याशीच ते बांधलेले आहेत. जी मालिका अजून चालू आहे आणि ज्यात पुढील जेल नव्या आवृत्तीवर मोजली जाणार आहेत, तिच्या बाबतीत मात्र अर्धे जुन्या आणि अर्धे नव्या पद्धतीने असे कधीही ठेवू नये. अशा मालिकेतील सर्व जेल, पहिल्यापासून, मूळ फाइलींवरून एकाच आवृत्तीत, एकाच त्रिज्येने आणि एकाच माणसाने पुन्हा मोजावीत, आणि शक्य असेल तर त्या माणसाला लेनची नावे दिसू देऊ नयेत. मूळ फाइल सापडत नाही ती जेल त्या मालिकेतून वगळावीत. जुनी आवृत्ती ज्या संगणकावर आहे तो संगणक नेटवर्कपासून तोडून, बॅकअपसह, निदान चालू मालिका प्रकाशित होईपर्यंत तसाच राहू द्यावा. नवी आवृत्ती बसवण्याच्या दिवशीच वर सांगितलेला संदर्भसंच दोन्ही आवृत्त्यांतून एकदा काढून घ्यावा, कारण नंतर ती तुलना करण्याची आठवण सहसा राहत नाही.